माद्यांचा किनारा

थोरली केंद्राच्या फाटकातून आत आली तेव्हा तिचा धाकटा भाऊ जीपला टेकून उभा होता. त्याने तिची बॅग घेतली नाही.

“या, बाईसाहेब,” तो म्हणाला. “सुऱ्या आणल्यात ना?”

आणल्या होत्या. मेलेल्या पिल्लाचे पोट उघडायला लागणारी लहान कात्री, चिमटे आणि पात्यांची डबी बॅगेच्या वरच्याच कप्प्यात होती. ती दूरच्या शहरातल्या एका संस्थेत प्राण्यांच्या अवयवांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करत असे. भाऊ समुद्री कासवांचे हे केंद्र चालवत होता. केंद्र ज्यांनी उभे केले ते त्यांचे वडील निवृत्तीनंतरही आवारातल्याच घरात राहत होते. ते खुर्चीतून उठले होते, केंद्रातून नव्हते.

त्या दुपारी केंद्राच्या सभागृहात करवती कासवाचा फैसला होणार होता. कवचाच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते असलेले हे कासव बरीच वर्षे धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेले होते. या किनाऱ्यावर त्याची घरटी वाढत गेली, म्हणून त्याला एक पायरी खाली, ‘असुरक्षित’ या कमी धोक्याच्या वर्गात आणावे, असा प्रस्ताव समितीपुढे होता. जीपच्या ड्रायव्हरला या दोन शब्दांतला फरक समजावून सांगितला तेव्हा तो म्हणाला होता, “आधी संकट, मग नुसतं असुरक्षित. म्हणजे माझ्या लग्नाच्या बरोब्बर उलट.”

प्रस्तावाला एक शेपूट होते. वडिलांनी घालून दिलेली अंडी राखायची पद्धत बाकीच्या सगळ्या किनाऱ्यांनी उचलावी, अशी शिफारस त्यात केली होती. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला याहून मोठी पावती मिळणे शक्य नव्हते. वडिलांना ती हवी होती आणि हे ते लपवत नव्हते. सभागृहाच्या भिंती त्यांनी नव्याने रंगवून घेतल्या होत्या.

पाच परीक्षकांपैकी चौघांचा होकार आला होता. पाचवी थोरली होती. एकाचाही सकारण आक्षेप टिकला तर प्रस्ताव पुढच्या फेरीपर्यंत, म्हणजे काही वर्षे, बाजूला पडणार होता. गंमत अशी, की परीक्षक म्हणून तिचे नाव वडिलांनीच सुचवले होते. तेव्हा घरात बोलणे होते.

आक्षेप सगळ्यांच्या हाती आधीच पडला होता. कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. गार वाळूत नर, तापलेल्या वाळूत मादी. किनाऱ्यावरून गोळा केलेली अंडी पुरून राखायची हॅचरी वडिलांनी उघड्या काळ्या वाळूवर, भर उन्हात केली होती. तिथून इतकी वर्षे जवळपास माद्याच समुद्रात गेल्या, असे थोरलीचे म्हणणे होते. त्या मोठ्या होऊन अंडी घालायला परत आल्या, म्हणून घरटी वाढली. नर किनाऱ्यावर येत नाही, त्यामुळे तो कमी झालेला कोणाला दिसला नाही. एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून काही वर्षे काम भागले. आता भागत नव्हते. घरट्यांतून न फळलेली अंडी वाढत चालली होती. भाऊ त्याला बुरशी म्हणत होता. घरटी वाढली म्हणजे जात सावरली असे होत नाही, हे तिच्या आक्षेपाचे शेवटचे वाक्य होते, आणि त्याच्याखाली तिने लिहिले होते, की ही पद्धत बाकीच्या किनाऱ्यांवर नेली तर तिथेही हेच होईल.

हॅचरी उन्हात नेण्यालाही कारण होते. अगदी सुरुवातीला ती झाडांखाली होती. दुसऱ्याच हंगामात ओलीने आणि मुळांनी तिथली सगळी अंडी कुजली. वडिलांनी स्वतः कुऱ्हाड घेऊन झाडे तोडली आणि घरटी उघड्यावर हलवली. त्यानंतर पिल्ले निघू लागली ती निघतच राहिली. ज्या उन्हाने एकदा तारले त्याच्याकडे त्यांनी पुन्हा संशयाने पाहिले नाही.

शिवाय केंद्राचा एक नियम होता. मेलेले पिल्लू उघडायचे नाही. घरट्यात मेलेली सापडतील ती पिल्ले रोज सकाळी भरतीच्या रेषेवर न्यायची आणि समुद्राला परत द्यायची. नव्याने कामाला येणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी सांगितले जाई. आपण जिवंतांचे नोकर आहोत, मेलेल्यांचे डॉक्टर नाही, असे वडील म्हणत. पिल्लाचे लिंग बाहेरून ओळखता येत नाही. पोट उघडावेच लागते. म्हणजे इतक्या वर्षांत इथे नर जन्मतो की नाही, हे कोणी पाहिलेच नव्हते. गेल्या हंगामात थोरली सुटीला आली आणि तिने समुद्राकडे निघालेली मेलेली पिल्ले वाटेतच पिशवीत भरली. अर्धी संस्थेत नेऊन तपासली, अर्धी पडताळणीसाठी केंद्राच्या फ्रीजरमध्ये ठेवली. हे कळल्यावर भावाने तिला फोनवर कसाई म्हटले. त्यानंतर फोन झाला नव्हता.

चहा भावजयीने ओतला.

“ताई, साखर चालते ना?” तिने विचारले. “की तिच्यावरही आक्षेप आहे?”

भाऊ हसला. वडील हसले नाहीत. थोरलीकडे न बघता त्यांनी विचारले, की ती आक्षेप मागे घ्यायला आली आहे का. ती नाही म्हणाली. मग घरात कशाला आलीस, सभागृहाला बाहेरून दार आहे, असे ते म्हणाले.

थोरलीने सांगितले, की फ्रीजरमधली पिल्ले घ्यायला आले आहे. समितीसमोर उघडून दाखवीन. संस्थेत तपासताना तिने केलेल्या स्लाइड्सवर वडिलांचा विश्वास नव्हता, हे त्यांनी समितीला कळवले होतेच. त्या कोंबडीच्याही असू शकतात, असे त्यांनी आता तोंडी कळवले. नवरा सोडून आलेल्या बाईला सगळीकडे नरांचाच तुटवडा दिसतो, असे भाऊ बशीत बघत पुटपुटला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. यावर वडिलांनी त्याला अडवले नाही. थोरलीने चहा अर्धा टाकला आणि ती प्रयोगशाळेकडे गेली.

दार उघडताच वास आला. फ्रीजरचे झाकण नीट लावलेले होते. आत काळपट पाणी साचले होते आणि पिशव्या फुगल्या होत्या. पिशवीतल्या कशालाही आता हात लावून उपयोग नव्हता.

“लाइट गेली असेल,” भाऊ म्हणाला. तो मागे येऊन उभा राहिला होता. त्याच्या डोक्यावर पंखा फिरत होता.

थोरलीने भिंतीकडे पाहिले. वायर खाली लोंबत होती. “आणि जाताना पिन काढून गेली,” ती म्हणाली.

“मढी ठेवायला नाहीये तो फ्रीजर.”

“बाबांना माहीत आहे हे?”

“सांग की जाऊन. ते तुझ्या तोंडाकडे तरी बघतात का ते बघ आधी.”

तिने सांगितले नाही. तिने झाकण लावले, हात धुतले आणि सूक्ष्मदर्शक उचलून सभागृहात नेला.

समितीच्या अध्यक्षबाई मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या होत्या आणि सभा वेळेत संपवण्याबद्दल त्यांची ख्याती होती. त्यांनी आल्या आल्या सांगून टाकले, की घरची भांडणे घरी मिटवून यायची असतात, समिती त्यासाठी इतक्या लांब आलेली नाही. मग त्यांनी थोरलीला पडताळणीचे नमुने मागितले. ते खराब झाले आहेत, इतकेच थोरली म्हणाली. कसे झाले, असे अध्यक्षबाईंनी विचारल्यावर भाऊ पुढे झाला आणि लाइट गेल्याचे त्याने सांगितले.

वडिलांनी मान वर केली. “कधी?” त्यांनी विचारले.

भाऊ म्हणाला, गेली असेल मध्ये कधीतरी. वडील त्याच्याकडे बघत राहिले. आवारातली वीज गेली की घरात त्यांचाच आवाज सगळ्यांत आधी चढत असे आणि या आठवड्यात तो चढला नव्हता. पुढे त्यांनी मुलाला काही विचारले नाही. ते अध्यक्षबाईंकडे वळले.

“आजची मेलेली पिल्लं अजून हॅचरीतच आहेत. तुमच्या गडबडीत समुद्राकडे न्यायची राहिली,” ते म्हणाले. “मी आणतो. हिने ती इथे, माझ्यासमोर उघडावीत. सगळ्या माद्या निघाल्या तर हिचं खरं. पण ही हॅचरीच्या कुंपणाच्या आत पाय टाकणार नाही.”

भाऊ उठायला लागला. “तूही नाही,” वडील म्हणाले आणि टोपी घालून बाहेर पडले.

हॅचरी सभागृहातून दिसत नव्हती. थोरलीने टेबलावर पांढरे कापड पसरले आणि हत्यारे मांडली. भावाने समितीतल्या एका सदस्याला हळू आवाजात सांगितले, की लहानपणीही ती अशीच होती. खेळणे मिळाले की आधी त्याचे पोट फाडायची. सदस्य कसनुसा हसला. अध्यक्षबाईंनी मधल्या वेळात परतीच्या प्रवासाचे विचारून घेतले.

वडील परत आले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. हातात ताटली होती आणि तिच्यात कागदी पेले, प्रत्येकात एक मेलेले पिल्लू, आगपेटीएवढे. थोरलीने पेले पाहिले. कशावरच काही लिहिलेले नव्हते.

“कुठल्या घरट्यांतली आहेत?” तिने विचारले.

“माझ्या.”

प्रत्येकाची जागा लिहायला हवी होती, असे ती म्हणाली. वडिलांनी बोटाने कपाळाला टिचकी मारली. जागा इथे आहे, आणि मला माझी हॅचरी शिकवू नकोस, असे म्हणून त्यांनी ताटली तिच्यासमोर सरकवली. अध्यक्षबाईंनी काम सुरू करायची खूण केली.

तिने पहिल्या पिल्लाचे पोटाकडचे मऊ कवच कात्रीने कापले, आतडी चिमट्याने बाजूला केली आणि मूत्रपिंडावर चिकटलेला प्रजननाचा अवयव भिंगाखाली आणला. मादीचा असेल तर तो चपटा दिसतो आणि त्याच्या शेजारून एक पातळ नळी सलग गेलेली असते. नराचा गुळगुळीत असतो आणि ती नळी सलग नसते. तिने हे समितीला एकदा सांगितले आणि ती बाजूला झाली. वडील वाकले. त्यांनी आयुष्यात अशी हजारो पिल्ले हातात घेतली होती, पण आतून एकही पाहिले नव्हते. तरी ते प्राणिशास्त्र शिकलेले होते आणि आठवडाभर त्यांनी जुनी पुस्तके काढून चित्रे बघितली होती.

“मादी,” ते म्हणाले. “पुढचं.”

पुढचे मादी निघाले. त्याच्या पुढचेही. प्रत्येक वेळी वडील स्वतः वाकून बघत, डोळा चोळत, पुन्हा बघत आणि कोणी विचारायच्या आत स्वतःच सांगत. तिला सांगू देत नव्हते. अध्यक्षबाई प्रत्येक वेळी त्यांच्या पाठोपाठ भिंगाला डोळा लावत आणि मान हलवत. भाऊ खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. नव्या रंगाचा आणि पिल्लांचा असा दोन्हींचा वास खोलीत भरला होता.

शेवटचा पेला उरला. थोरलीने पिल्लू उघडले, भिंगाखाली सरकवले आणि ती बराच वेळ वर उठली नाही.

“काय झालं?” भावाने विचारले. “दिसेना का काही?”

“हा नर आहे,” ती म्हणाली.

भावाने पुढे येऊन टेबलावर थाप मारली. ताटली उडाली. “मिळाला की नवरदेव! आणि म्हणे नरच नाहीत. सगळ्या जगाला सांगत सुटली होती.”

वडिलांनी तिला खांद्याने बाजूला केले आणि ते वाकले. अध्यक्षबाई तोवर बोलू लागल्या होत्या. त्यांचे म्हणणे साधे होते. एवढ्या थोड्या पिल्लांत एक नर निघाला, आणि एक नर पुष्कळ माद्यांना पुरतो हे थोरलीनेच लिहिले आहे. मग हे प्रमाण काही वाईट नाही. आक्षेप मुळातच लंगडा होतो. बाकीच्या सदस्यांनी माना डोलावल्या.

“तो कुठल्या घरट्यातला आहे ते विचारा,” थोरली म्हणाली.

“हरलीस की जागा मागतेस?” भाऊ म्हणाला.

अध्यक्षबाईंनी तिला आठवण करून दिली, की पेल्यांवर खुणा नाहीत. खुणा नसलेल्या नमुन्याबद्दल तर्क करायला समिती बसलेली नाही. आक्षेप फेटाळला असे समजावे का, असे त्यांनी सदस्यांना विचारले. कोणी नाही म्हटले नाही. त्यांनी पेनाचे टोपण काढले.

वडील अजून भिंगावर वाकलेले होते. त्यांना काय दिसते आहे ते कोणी विचारले नव्हते. नर त्यांना पहिल्याच नजरेत दिसला होता. त्यापुढे बघण्यासारखे तिथे काही नव्हते. तो पेला त्यांनी कुठून भरला, हे त्या खोलीत फक्त त्यांना माहीत होते आणि ते गप्प राहिले असते तर कायम फक्त त्यांनाच माहीत राहिले असते.

“टाकीजवळची रांग,” ते म्हणाले.

अध्यक्षबाईंना नीट ऐकू आले नाही. वडील सरळ झाले.

“हॅचरीच्या कडेला पाण्याची टाकी आहे. दुपार झाली की तिची सावली शेवटच्या रांगेवर पडते. हे पिल्लू तिथलं आहे. बाकीची सगळी उन्हातली. त्या रांगेला आम्ही रडकी रांग म्हणतो. तिथली अंडी बाकीच्यांच्या नंतर फुटतात. मी समजत होतो जागा वाईट आहे. वाळू गार असली की अंड्याला वेळ लागतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी जोडून बघितलं नाही.”

“बाबा,” भाऊ म्हणाला, “तुम्हाला कुणी विचारलं होतं का?”

“पिन तू काढलीस. आता माझी जीभ काढ.”

अध्यक्षबाईंनी विचारले, की मग नेमके तिथले पिल्लू त्यांनी का उचलले.

“तिथली पिल्लं वेगळी निपजतात हे मला ठाऊक होतं म्हणून. एखादं तरी हिला खोटं पाडेल म्हणून मुद्दाम घेतलं.” त्यांनी थोरलीकडे बोट दाखवले, दिवसभरात पहिल्यांदाच ते तिच्या तोंडाकडे बघत होते. “नाही पाडलं. प्रस्ताव काढून टाका. आणि माझ्या पद्धतीची शिफारस आधी काढा. ती कुठे पाठवू नका.”

अध्यक्षबाईंनी वेळ न घालवता दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. करवती कासव ‘संकटग्रस्त’ राहिले. आक्षेप ग्राह्य धरला गेला. सदस्यांनी निघताना वडिलांशी हात मिळवले आणि एकाने त्यांच्या प्रामाणिकपणाची तारीफ सुरू केली; वडिलांनी त्याचे वाक्य पुरे होऊ दिले नाही, गाड्या पलीकडच्या फाटकाने काढा, असे सांगितले. भावजयीने मांडलेला चहा तसाच राहिला.

थोरली सूक्ष्मदर्शक पुसत असताना भाऊ तिच्याजवळ आला. तिला वाटले तो पिनेबद्दल काही बोलेल. समाधान झाले असेल तर भिंतीही खरवडून देऊ का, असे त्याने विचारले. ती म्हणाली, भिंती राहू दे, हॅचरीवर आजच्या आज सावली कर, वाळूत आत्ता पुरलेली घरटी अजून वाचतील. हुकूम सोडायचे दिवस गेले, असे तो म्हणाला.

पण ती बॅग घेऊन बाहेर आली तेव्हा हॅचरीवर काम सुरू झालेले होते. रोपवाटिकेतली हिरवी जाळी कोणीतरी ओढून आणली होती. वडील टोपीशिवाय उन्हात उभे राहून कोपऱ्यातल्या खांबाला दोरी बांधत होते आणि भाऊ तोंड पाडून दुसरे टोक धरून होता. काळी वाळू अजून भाजत असणार. दोघेही पाय आलटून पालटून उचलत होते. थोरली कुंपणाच्या बाहेर थांबली.

“जाळी उंच घ्या,” ती म्हणाली. “खाली बांधलीत तर गरम हवा कोंडेल.”

बांधलेली गाठ वडिलांनी सोडली आणि वरच्या खिळ्याला बांधली. मग तिच्याकडे पाठ ठेवूनच बोलले.

“मेलेली पिल्लं यापुढे फ्रीजरमध्ये ठेवू. किल्ली माझ्याकडे राहील.”

“प्रत्येकावर जागा लिहा.”

“लिहू. न्यायला दुसऱ्या कुणाला तरी पाठव. तू येऊ नकोस.”

थोरलीने बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“माझी मदतनीस येईल,” ती म्हणाली. “तिला तरी कुंपणाच्या आत येऊ द्याल का? वाळूचं तापमान तिला घ्यावं लागेल.”

“तिला येऊ देईन,” वडील म्हणाले. “ती माझी कोणी लागत नाही.”

आणि त्यांनी मुलाला दोरी ओढायला सांगितली.